उणे सव्वीस

"ह्यो न्हवं," दौलत मिस्त्री म्हणाले.

ते दारात उभे होते, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. सकाळचे साडेसात वाजले होते. हातात रेझिनची वीतभर लांब कांडी होती, अंगठ्याहून थोडी जाड. ती त्यांनी उजेडात आडवी धरली, मग उभी धरली, मग हात लांब करून बघितली.

"पिवळा मारतोय."

"काका, हीच कांडी तुम्ही पंधरा दिवसांपूर्वी पास केलीत," मी म्हणाले. "टोकाला बघा. तुम्हीच सुईनं फुली मारलीय."

त्यांनी फुली पाहिली, अंगठ्यानं चाचपली.

"फुली माझी हाय. रंग माझा न्हवं."

लेथखालचा भुसा झाडत असलेल्या हौसाकाकू हसल्या. "ऐक गं शैला. फुली खरी आणि रंग खोटा. लगीन झाल्यापास्नं असलंच ऐकतोय मी."

"तू गप. तुला समदं हिरवंच दिसतंय."

"हिरवा चुडा तुम्हीच भरलाय न्हवं? मग काय दिसणार?"

मिस्त्री हसले नाहीत. एरवी ते हसले असते. कांडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले.

ही १९९६च्या सप्टेंबरातली गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागले होते. गिऱ्हाईक कापडाची चिंधी पाठवायचं. तो रंग कोणती रंगद्रव्यं किती घेतली की निघेल, हे शोधून देणं माझं काम. आमच्या प्रयोगशाळेत रंग मोजायचं यंत्र होतं. नमुना ठेवला की तीन आकडे मिळायचे. त्यांतला एक निळ्या-पिवळ्याचा. शून्याच्या वर गेला तर पिवळं, खाली गेला तर निळं. फुलीच्या कांडीचा हा आकडा मी ऑगस्टात लिहून ठेवला होता, उणे आठ. त्या दिवशी कारखान्यात गेल्यावर ती पुन्हा मोजली. उणे आठ. केसभरही फरक नव्हता.

मिस्त्रींच्या घरी वरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होते. खाली पुढच्या खोलीत लेथ, मागे स्वयंपाकघर आणि चारी बाजूंनी यंत्रमागांची खटखट. त्या लेथवर मिस्त्रींनी चाळीस वर्षं शाईची पेनं केली. सांगली, कोल्हापूर, बेळगावच्या वकिलांच्या आणि मास्तरांच्या खिशांना त्यांनी केलेली पेनं होती, पण पेनांवर नाव असायचं दुकानदाराचं. बॉलपेनं आली आणि दुकानदार एकेक करून यायचे थांबले. नंतर पुण्याहून आगाशे नावाचे एक इंजिनिअर यायला लागले. त्यांना जुनी पेनं जमवायचा नाद होता. त्यांनीच मिस्त्रींना विचारलं, "तुमच्या नावाचं पेन कुठाय?"

नव्हतं. आगाशे म्हणाले, "करा. वीस ऑक्टोबरला पुण्यात आमच्या मंडळींचं प्रदर्शन आहे. तुमच्यासाठी एक टेबल राखून ठेवतो."

त्या दिवसापासून मिस्त्रींना दुसरं काही सुचेना. आकार त्यांच्या डोक्यात तयार होता. प्रश्न रंगाचा होता, आणि तो रंग त्यांनी एकदाच पाहिला होता.

"मुंबईला फोर्टात एका पेनांच्या दुकानात मी रिपेरीला होतो. अठरा वर्षांचा," ते सांगायचे. "एक पारशी बाई आली निब सरळ करून घ्यायला. पदराला पिनंगत चतुर लावलेला, पाण्यावर भिरभिरतो त्यो किडा. सोन्याचा, पण पंख सोन्याचे न्हाईत. पंख काचंगत. आरपार दिसायचं, पण आरपार काय हाय ते दिसायचं न्हाई, पंखच दिसायचा. निब सरळ करायला पाच मिंटं लागत्यात. मी अर्धा तास लावला."

"आणि ती बाई?"

"म्हणाली, डिकरा, निब सरळ करायचीय, दागिना नाय घडवायचा."

आगाशेंना हे सांगितल्यावर त्यांनी एक चित्रकार्ड पाठवलं, परदेशातल्या कुठल्याशा संग्रहालयाचं. त्यावर तसाच एक चतुर होता, मिनाकाम केलेल्या पंखांचा. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की शंभर वर्षांपूर्वी युरोपात आर्ट नूव्हो म्हणून एक शैली निघाली होती. वेली, केसांच्या बटा, पाण्यातली फुलं, किडे, सगळं वळणावळणाचं. सरळ रेघ कुठंच नाही. मी ती चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा मिस्त्रींनी लेथकडे बघितलं.

"सरळ रेघ न्हाई? मग लेथवाल्यानं करायचं काय? हितं तर समदं सरळच निघतंय." मग म्हणाले, "वळण रंगात आणायला पायजे."

तिथून माझा त्यात शिरकाव झाला. त्यांना हवा होता दुधात कालवल्यासारखा निळसर हिरवा. मोरपिशी नाही, शेवाळी नाही, आणि कांडी फिरवली की कडेला जांभळी झाक. मी कारखान्यातल्या नमुन्यांच्या कपाटातून रंगद्रव्यं आणायचे, रेझिनमध्ये कालवायचे, घट्ट व्हायला हार्डनर घालून आम्ही ते पाइपच्या तुकड्यांत ओतायचो. दोन दिवसांनी कांडी काढून ते लेथवर तिची साल उतरवायचे. अकरा कांड्या वाया गेल्या. बारावीला, अठ्ठावीस ऑगस्टला, त्यांनी सुई मागितली आणि फुली मारली.

"पेनावर माझं नाव," ते म्हणाले होते, "आणि टोपणाच्या आतल्या अंगाला तुझं. बारकं. कुणाला दिसणार न्हाई, पण असंल."

मी दिवसभर साड्यांचे रंग जुळवत होते. कुणी माझं नाव कशावर घालेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता तीच कांडी त्यांना चालत नव्हती.

"कार्डाशेजारी ठेवून बघू," त्या संध्याकाळी मी म्हणाले. मी कारखान्यातून लवकर निघाले होते, अजून ऊन होतं. कार्ड भिंतीला टाचणीनं लावलेलं होतं. ते काढून मी त्यांच्या हातात दिलं, वर कांडी ठेवली.

मिस्त्रींनी दोन्हीकडं बघितलं.

"ह्येबी पिवळं पडलंय."

"कार्ड?"

"कागद हाय. पडणारच. भिंतीवर ऊन येतंय." त्यांनी ते उलटं करून टेबलावर ठेवलं. "कार्डाचं काय घिऊन बसलीस? मी खरा पंख बघितलाय."

दुसऱ्या दिवशी मी कार्डही नेऊन मोजलं. ऑगस्टात घेतलेले आकडे वहीत होतेच. कार्ड पिवळं पडलं नव्हतं.

वहीत मी तेही लिहिलं. तारीख, नमुना, आकडा, आणि शेवटच्या रकान्यात मिस्त्री काय म्हणाले ते. 'कार्डही पिवळं म्हणतात.' मग रंगद्रव्यांच्या हिशोबात निळा थोडा वाढवला.

पंधरा सप्टेंबरची कांडी उणे अकरा होती. "जवळ आलाय, पर अजून मारतोय." एकोणीस तारखेची उणे पंधरा. ती बघून त्यांनी सुई मागितली, पण फुली मारली नाही. "उद्या सकाळी बघू." सकाळी बघितली आणि मान हलवली.

त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. ऑगस्टात त्यांचे पाय सुजले होते. जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. कोल्हापूरच्या हृदयाच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या, एक ठोके सांभाळायची आणि एक अंगातलं पाणी काढायची. महिन्यानं परत या, रक्त तपासू, असं सांगितलं होतं. गोळ्यांनी सूज उतरली. पहिल्या आठवड्यात तर ते जिना चढून माझ्या खोलीपर्यंत आले आणि म्हणाले, "बघ, पोरगा झालोय."

महिना भरून गेला होता. ते जायला तयार नव्हते. डॉक्टर लेथ बंद करायला सांगतील ही त्यांना भीती होती.

"एकदा पेन हू दे. मग डॉक्टर म्हणंल तिथं पडून ऱ्हातो."

एकवीस तारखेला, शनिवारी, काकू वर आल्या. त्या क्वचितच वर यायच्या. हातात झाकलेली वाटी होती.

"उप्पीट हाय. त्यांनी टाकलं. तू खा."

"बरं नाही का त्यांना?"

"अन्न बघितलं की तोंड फिरवत्यात. काल दोनदा ओकले. मला म्हणाले, तेल बदललंयस का? तेल तेच हाय." त्या माझ्या कॉटच्या कडेला टेकल्या. "आणि दिव्याला कडं दिसतंय म्हणत्यात. भोवतीनं. मी बघितलं, मला न्हाई दिसलं कडं."

"मोतीबिंदू असेल, काकू," मी म्हणाले. "वयानं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. मला वाटतच होतं. म्हणूनच रंग पिवळा दिसतोय त्यांना."

हे मला खरोखरच सुचलं होतं, आदल्या रात्री झोपताना. कांडी तीच, कार्ड तेच, मग बदलला तो बघणारा. उत्तर सापडल्याचं मला समाधान झालं होतं.

"मग?"

"दिवाळीनंतर ऑपरेशन करून घेऊ. साधं असतं आता."

"आणि जेवान?"

"पेनाची काळजी लागलीय त्यांना. रंग जमला की जेवतील."

काकूंनी मान डोलावली. वाटी माझ्या टेबलावर ठेवली. दाराशी जाऊन थांबल्या.

"तू जरा सांग त्यांला डॉक्टरकडं जायला. माझं काय ऐकत न्हाईत. तुझं ऐकत्यात."

सोमवारची कांडी उणे एकोणीस होती. माझ्या डोळ्याला ती आता सरळ निळी दिसत होती. हिरवा नुसता नावाला उरला होता. मिस्त्रींनी ती उजेडात धरली. "पिवळा," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले. पहिल्यांदाच ते रागावले नाहीत. "शैला, मी खुळा झालोय का गं?"

"नाही, काका."

"तो रंग मला आठवतोय. डोळं मिटलं की दिसतोय. उघडलं की जातोय."

"मिळेल. दुसरं निळं मागवलंय मी. गुरुवारी येईल."

गुरुवारी, सव्वीस तारखेला, मी रजा काढली होती. पार्सल सकाळीच आलं. मी ते घेऊन खाली आले तर काकू नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. पिशवीत डॉक्टरांचे कागद होते.

"साडेनऊची एस्टी हाय," त्या म्हणाल्या. "आज कोल्हापूरला न्हेतो ह्यांला. उठा."

मिस्त्री लेथजवळ स्टुलावर बसले होते. दाढी केलेली नव्हती. माझ्या हातातलं पार्सल त्यांनी बघितलं.

"आलं?"

"आलं."

"मग आज ओतायचं. आज ओतलं तर शनिवारी निघंल. ऐतवारी पेन. बारा पेनं करायला मला तीन आठवडं पायजेत. आज न्हाई ओतलं तर पुणं गेलं."

"पुणं गेलं तर जाऊ दे," काकू म्हणाल्या. "पुण्यानं काय बांगड्या भरल्यात मला?"

"हौसा, चाळीस वरसं मी दुसऱ्याची नावं कोरली."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. मग माझ्याकडे वळल्या.

"तूच सांग गं. शिकलेली हाईस. आज जायचं का आज रंग?"

दोघं माझ्याकडे बघत होते. मिस्त्रींचा चेहरा उतरला होता, पण दिव्याभोवतीचं कडं आणि टाकलेलं उप्पीट या दोन्हींचा निकाल मी लावून टाकला होता. आणि माझ्या हातात ते निळं होतं.

"सोमवारी जाऊ या, काकू," मी म्हणाले. "मी पुन्हा रजा काढते. मी स्वतः घेऊन जाते त्यांना. आज ओतून टाकू."

काकू आत गेल्या. परत आल्या तेव्हा रोजच्या लुगड्यात होत्या.

आम्ही ओतलं. मिस्त्रींना उभं राहवत नव्हतं म्हणून ते स्टुलावरून सांगत होते, पाइप किती तिरपा धरायचा, धार किती बारीक सोडायची. रंगात वळण यायचं ते असं. एका रंगाच्या धारेवर दुसऱ्याची धार सोडायची आणि पाइप एकदाच फिरवायचा. दोनदा फिरवला की गढूळ. मी एकदाच फिरवला. "वा," ते म्हणाले. "हात बसला तुझा."

शनिवारी सकाळी कांडी निघाली. साल उतरवायला त्यांनी मला लेथ धरू दिला नाही. स्वतः उभे राहिले, दोनदा थांबून श्वास घेतला. पात्याखालून कागदासारखी पातळ साल निघत गेली आणि आतून रंग वर आला. निळा. शाळेच्या गणवेशाच्या स्कर्टासारखा लख्ख, निर्जीव निळा. त्यात हिरवं शोधावं लागत होतं. मी तो आधीच मोजला होता, पाइपमधून कांडी काढल्या काढल्या तिच्या टोकाचा तुकडा कारखान्यात नेऊन. उणे सव्वीस.

मिस्त्री दारात गेले. कांडी आडवी धरली. उभी धरली. मग हात खालीच आणला नाही त्यांनी.

"ह्योच," ते म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"ह्योच गं. आला. अगदी ह्योच. हितं, कडेला बघ, जांभळं. आरपार दिसतंय आणि दिसत न्हाई." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. त्या बाईच्या पदराचं ते काहीतरी सांगायला लागले, मधेच थांबले. कांडी माझ्यासमोर धरली. "तुला कसा दिसतोय?"

माझ्या वहीत पाच आकडे एकाखाली एक होते. प्रत्येक वेळी लागलेलं निळं आधीच्यापेक्षा जास्त होतं.

"छान," मी म्हणाले. "छान दिसतोय, काका."

"हौसा?"

काकूंनी कांडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"छान हाय," त्या म्हणाल्या.

रविवारी त्यांनी पेन केलं. मी इतकं संथ काम कधी बघितलं नव्हतं. थोडं करायचं, बसायचं, पाणी प्यायचं, ते ओकायचं, पुन्हा उठायचं. टोपणाचे आटे पाडताना मात्र ते एकदाही बसले नाहीत. दुपारी चारच्या सुमाराला त्यांनी निब बसवली, शाई भरली, आणि कागदावर आपलं नाव लिहिलं. दौ. ग. पांचाळ. त्याखाली माझं लिहिलं. बॅरलवर, म्हणजे पेनाच्या दांड्यावर, नाव कोरायचं काम मात्र राहिलं. "उद्या कोल्हापूर. परवा कोरतो," ते म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली, आणि काकूंनी मला वर हाक मारून ते सांगितलं.

सोमवारी आठ वाजता मी खाली आले तेव्हा ते सदऱ्याची बटणं लावत होते. वरचं बटण लावता लावता त्यांनी भिंत धरली. "थांब," असं काहीतरी म्हणाले आणि खाली बसले, आणि बसले ते आडवे झाले.

शेजारच्या मागवाल्यानं जीप काढली. इचलकरंजीतल्याच एका दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर माझ्याच वयाचा असेल. त्यानं छातीला तारा लावल्या, कागदाच्या पट्टीकडं बघितलं आणि नर्सला काहीतरी भराभर सांगितलं. मग बाहेर आला.

"कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

काकूंनी पिशवी पुढे केली. त्यानं कागद वाचले.

"रक्त परत तपासलं होतं? महिन्यानं बोलावलंय इथं."

"आज निघालो होतो," मी म्हणाले.

"उलट्या? जेवण कमी?"

"व्हय," काकू म्हणाल्या. "दहा दीस झालं. जास्तच."

"नजरेचं काही बोलले होते का? सगळं पिवळं-हिरवं दिसणं, दिव्याभोवती वर्तुळ?"

मग मी पर्स उघडली. वही नेहमी पर्समध्येच असायची. त्याला पान उघडून दिलं. त्यानं ते वरून खालपर्यंत वाचलं. बारा सप्टेंबर, उणे आठ, पिवळा मारतोय म्हणतात. तेरा, कार्डही पिवळं म्हणतात. पंधरा. एकोणीस. तेवीस. अठ्ठावीस.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. जेवढं थोडक्यात सांगता आलं तेवढं.

"ठोक्यांची गोळी अंगात साठत जाते," तो म्हणाला. "मूत्रपिंडं थकली की ती बाहेर पडत नाही. मग तिचं विष होतं. पिवळं दिसणं हे तिचं अगदी जुनं लक्षण आहे. आम्हाला शिकवतात, पण पेशंट कधी सांगत नाहीत. त्यांना वाटतं डोळ्यांचं आहे." त्यानं वही परत केली. "बारा तारखेला गोळी थांबवली असती तर..." तो थांबला. माझ्याकडे बघून त्यानं वाक्य सोडून दिलं. "बघतो. प्रयत्न करतो."

मोतीबिंदू तीन आठवड्यांत वाढत नाही. त्याला वर्षं लागतात. हे मला तेव्हाही माहीत होतं. कोणता बदल किती वेगानं होतो हे बघणं, यासाठीच तर मला पगार मिळत होता.

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी ते गेले.

चौदाव्या दिवशी आगाशे पुण्याहून आले. काकूंनी त्यांना खुर्ची दिली आणि कपाटातून पेन काढून आणलं. एकच पेन होतं ते. आगाशेंनी टोपण फिरवून उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. आट्यांवरून बोट फिरवलं. खिशातल्या वहीत दोन ओळी लिहून बघितल्या.

"काय काम आहे," ते म्हणाले. "काय माणूस होता." मग त्यांनी पेन खिडकीकडे नेलं. बराच वेळ बघितलं. टेबलावर ते कार्ड अजून उलटं पडलं होतं. ते त्यांनी सरळ केलं आणि पेन शेजारी ठेवलं. "रंग मात्र... मिस्त्री पत्रात निळसर हिरवा लिहायचे. हा तर फारच निळा आहे, नाही?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं.

"बदलला असेल त्यांनी विचार," आगाशे म्हणाले. "प्रदर्शनात ठेवू का?"

"नगं," काकू म्हणाल्या. "नाव कोरलेलं न्हाई."

ते गेल्यावर काकूंनी लेथवरचं कापड नीट केलं. मी कपबशा उचलायला लागले.

"शैला, बस."

मी बसले.

"त्या डॉक्टरनं तुझी वही बघून काय सांगितलं? मला कळलं न्हाई तवा."

मी सगळं सांगितलं. गोळीचं, पिवळं दिसण्याचं, बारा तारखेचं. मोतीबिंदू मी ठरवून टाकला तेही. गुरुवारचंही सांगितलं, पण ते त्यांना माहीतच होतं. त्या खाली बघत ऐकत होत्या. मागांची खटखट चालू होती. एकदाही त्यांनी मला थांबवलं नाही.

"म्हंजी शनिवारी त्यांला जो रंग दिसला, तो आपल्याला दिसला न्हाई."

"नाही."

"तुला निळा दिसत होता?"

"हो, काकू. निळाच."

त्यांनी पेन हातात घेतलं आणि बॅरलवर, जिथं नाव यायचं होतं त्या गुळगुळीत जागेवरून अंगठा फिरवला.

"मलाबी निळाच दिसत होता," काकू म्हणाल्या. "मग तू छान म्हणालीस. मला वाटलं, शिकलेल्या माणसाला दिसतोय म्हंजी असंल. म्हणून मीबी छान म्हणालो."